पहिले दहा सेंटिमीटर

मी एक जुना मोजायचा टेप आहे. तीस मीटर लांब, कापडी, चामड्याच्या गोल डबीत गुंडाळलेला. मित्रांनो, माझा जन्म हॉलंडमधला, पण गेली अठ्ठावीस वर्षं मी सिंगापुरात, क्लेमेंटीतल्या एका घरात आहे. मराठी मी इथंच शिकलो.

माझे पहिले मालक होड्या बांधायचे. एकदा लाकडाच्या गाड्याचं चाक माझ्यावरून गेलं आणि टोक फाटलं. मालकांनी फाटलेले दहा सेंटिमीटर कापून टाकले आणि कडी पुन्हा बसवली. नवा टेप त्यांनी आणला नाही. कामाच्या वेळी ते मनातल्या मनात दहा वजा करत.

त्यांची मुलगी मार्लूस नवव्या वर्षी जिम्नॅस्टिक्स शिकू लागली आणि मी तिच्या पिशवीत गेलो. व्हॉल्ट हा तिचा आवडता प्रकार. त्यात धावत यायचं, स्प्रिंगबोर्डवर पाय आपटायचे, पुढच्या टेबलावर हात टेकून हवेत उलटायचं. धाव कुठून सुरू करायची ते अंतर प्रत्येकीचं ठरलेलं असतं. चार बोटांचा फरक पडला तरी पाय बोर्डवर नीट पडत नाहीत. वडील माझी कडी टेबलाच्या पायाशी धरत, ती मला घेऊन मागे मागे जाई आणि खडूची रेघ ओढी. माझ्यावर बावीस साठ दिसे, खरं अंतर बावीस पन्नास असे. रोज मीच मोजत होतो, त्यामुळे कुणाचं काही अडलं नाही.

चौदाव्या वर्षी ती देशात ज्युनियर गटात पहिली आली. सोळाव्या वर्षी देशाच्या नारिंगी पोशाखात परदेशी खेळली. संघ अकरावा आला, तिच्या उडीला मात्र टाळ्या पडल्या. गावच्या वर्तमानपत्रात तिचा फोटो आला, त्यात कोपऱ्यात मीही होतो.

एकोणिसाव्या वर्षी जागतिक स्पर्धेसाठी निवड चाचणी होती. त्या दिवशी वडील तापानं घरी पडले होते आणि मी त्यांच्या कोटाच्या खिशात राहिलो. पुढचं मला नंतर कळलं. हॉलमध्ये धावपट्टीच्या कडेला नवाकोरा टेप चिकटवलेला होता. मार्लूसनं त्यावर पाहून बावीस साठला रेघ ओढली आणि धावली. पाय बोर्डच्या कडेवर पडला. गुडघा गेला.

कुबड्यांवर घरी आल्यावर तिनं मला उलगडलं आणि बराच वेळ माझ्या टोकाकडे पाहिलं. मागून वडिलांनी विचारलं, "काय चुकलं गं?"

"पाय घसरला, बाबा."

ते हयात असेपर्यंत तिनं त्यांना दुसरं काही सांगितलं नाही. तेव्हा इतरांनाही नाही.

व्हॉल्ट सुटला. पुढची दोन वर्षं ती बारवर, आडव्या दांड्यांवर, खेळली. एकदा राष्ट्रीय अंतिम फेरीत पोचली आणि आठवी आली. फेरीत आठच जणी होत्या. मग ती थांबली.

प्रबोध नावाच्या मरीन इंजिनियरशी लग्न करून ती सिंगापूरला आली. जुरोंग ईस्टला एका हॉलमध्ये मुलींना शिकवू लागली. त्यांचे आकडे मीच मोजले, तिनं वहीत लिहिले. स्पर्धेला ती मला घेऊन जाई आणि रेघ स्वतः आखून देई. कुणी म्हणालं, कोच, एवढा जुना टेप कशाला, तर म्हणे, "माझ्या बाबांचा आहे." मग कुणी पुढे विचारत नसे.

पाच आठवड्यांपूर्वी मार्लूस गेली. तिची मुलगी इरा घर आवरू लागली. बूट एका पिशवीत, औषधं दुसऱ्या पिशवीत. फ्रिजवरची आईची यादी तिनं काढली, वाचली आणि परत लावली.

"बाबा, टेप मी ठेवते. वही नव्या कोचला देते."

"ठेव," प्रबोध म्हणाला.

शनिवारी ती आईकडची हॉलची किल्ली द्यायला गेली; वही आधीच दिली होती. मी तिच्या पर्समध्ये होतो. नवा कोच सारंग यानं वहीतले आकडे पाहून आपल्या टेपनं रेघा आखल्या होत्या. आठवड्यावर स्पर्धा होती. अकरा वर्षांची अदिती धावली आणि बोर्डपाशी अडखळली.

"स्टेप येत नाहीये, कोच."

"आकडा तोच आहे ना? घाबरतेस तू. परत."

"घाबरत नाहीये लाह," ती सिंगापुरी ढंगात म्हणाली. "खरंच येत नाहीये."

तिसऱ्यांदा तिचा पाय बोर्डच्या कडेला लागला आणि ती गुडघ्यांवर पडली. लागलं नव्हतं. इरा उठली. पोरीचं समाधान व्हावं म्हणून तिनं मला काढून दुसऱ्या टेपशेजारी पसरलं. सारंग उकिडवा बसला, एकदा इकडे, एकदा तिकडे पाहू लागला. मग त्यानं माझी कडी उचलली.

"ताई, ह्याला सुरुवातच नाहीये. हा अकरापासून सुरू होतो."

इरानं बाबांना फोन लावला. आईला हे माहीत होतं का, असं विचारलं.

"हो. आजोबांना वाईट वाटू नये म्हणून तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. मला सांगितलं होतं एकदा. मला वाटलं, तुला माहीत असेल."

"मला नव्हतं माहीत, बाबा."

सारंगनं वही आणि पेन तिच्यापुढे ठेवलं. "अक्षर तुमच्या आईंचं आहे. तुम्हीच दुरुस्त करा." चौदा मुलींचे आकडे होते. इरानं आईचा प्रत्येक आकडा खोडला आणि शेजारी दहानं कमी लिहिला. घाई केली नाही, थांबलीही नाही. सतरा ऐंशीचे सतरा सत्तर झाले, तेव्हा अदिती पुन्हा रेघेवर जाऊन उभी राहिली. या वेळी दोन्ही पाय बोर्डच्या मधोमध पडले.

मित्रांनो, मला कुणी टाकलं नाही. पुसलं, जपलं, देशोदेशी नेलं. तुमच्या घरातही अशा वस्तू असतील. त्यांना जपा, पण त्यांच्यात काय मोडलेलं आहे, तेही कुणाला तरी सांगून ठेवा. आम्हांला ते वेळेवर सांगता येत नाही. ज्यांना सांगता येतं, ती माणसं एक दिवस नसतात.

आता हॉलमध्ये माझं काम उरलेलं नाही. त्या संध्याकाळी इरानं माझ्या कडीला कागदाची चिठ्ठी बांधली आणि तिच्यावर लिहिलं, 'पहिले दहा सेंटिमीटर नाहीत.' मग तिनं प्रबोधला हाक मारून ती मोठ्यानं वाचून दाखवली.