उपासाचा तिसरा दिवस

"बाई, ही मेथीची जुडी हाये का फुलांचा गुच्छा? सुतळी आवळा ना जरा!"

मी असं बोलली, तवा मले काय माहीत का माह्या थोरल्या जावेच्या, सुमित्राबाईच्या बोटांत जोरच उरला नाई म्हून. हाटाचा दिवस होता. शहरात बिट्टन मार्केटात माल पोचवायचा, म्हून आम्ही दोघी जावा झुंजूमुंजूपासून बांधावर बसलेल्या. पुसाची थंडी, काळी माती अशी गार का तळवे बधिर झालेले. अशा थंडीत सुमित्राबाईनं तिसरा गडवा पाणी घटाघटा घशाखाली उतरवला आन् पुन्हा तुरीच्या आडोशाले गेली.

परत येऊन बसली तवा तिचा श्वास माह्या तोंडावर आला. सडक्या पेरूसारखा गोड वास. मी ताडकन उभीच झाली. दहा वर्सं झाली, तिले साखरेचा आजार हाये. सकाळ-संध्याकाळ सुई घ्या लागते.

"बाई, सुई कवा घेतली?"

"परवापासून नाई घेतली."

"आन् पोटात काय हाये?"

"उपास हाये वं. आज तिसरा दिवस. ब्रदर म्हणले, सुई घेऊन प्रार्थना करणं म्हणजे देवावर अर्धाच भरवसा. रविवारी मले सगळ्यांसमोर साक्ष द्यायची हाये, येशूनं बरं केलं म्हून."

माह्या टाळक्यात जाळच झाला. आम्ही अचलपूरकडचे किरिस्ताव. सासऱ्याच्या काळापासून इकडं हिंदी मुलखात, मिसरोदच्या पुढं या गावात भाजीपाला करतो. प्रभूचं नाव घेतल्याबिगर मी चूल पेटवत नाई. पण म्हून काय डोकं गहाण टाकावं? हे ब्रदर प्रतीक म्हणजे पंचविशीतला पोरगा, शाहपुऱ्यातून मोटरसायकलवर येते, प्रार्थना घेते. खोटं कायले बोलू, कोणाचं दुखलं-खुपलं का पहिला धावते. पण कुठल्याशा मोठ्या सभेले जाऊन आला आन् तवापासून सामर्थ्य, सामर्थ्य एवढंच त्याच्या तोंडी.

बाईचा नवरा, आमचे दिलीपभाऊजी, पाण्याची मोटर बंद करून येत होते. मी त्यायले तिथंच गाठलं.

"भाऊजी, हिले आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या!"

"तू मधात पडू नको, विनिता. उपासाचा एकच दिवस राहिला. ब्रदर येऊनच राहिले घरप्रार्थनेले. देवाची परीक्षा पाहू नये माणसानं."

"परीक्षा तुम्ही पाहून राहिले! बी न टाकता मेथी मागतली का कधी देवाले? मोटर चालू न करता वाफ्यात पाणी सोड म्हणलं का? मंग हिच्याच जिवावर कायले उठले?"

त्यायनं तोंड फिरवलं. बाई बी पदर सावरत त्यायच्या मागं घराकडं गेली. माहा नवरा काशिनाथ टेम्पो घेऊन आला, त्याले सांगितलं, तर तो म्हणते, "भाऊ मोठा हाये, त्याले मी काय बोलू?" मोठ्या भावापुढं याची जीभ कायमची टाळूले चिकटलेली! आन् मी तरी काय केलं? अर्धा तास टेम्पोत जुड्या चढवत बसली. त्या अर्ध्या तासाचा राग मले आजबी माह्यावरच येते.

मंग ढोलकी एकदम जोरात वाजू लागली, आन् घरातून "हालेलूया! हालेलूया!" मी चिखलाच्या हातांनीच पळत गेली.

आमच्यात प्रार्थना चालू असताना कोणी खाली पडलं तर त्याले हात लावत नाई. आत्मा उतरला, देव काम करून राहिला म्हणते. अंगावर शाल टाकते आन् गाणं आणखी वाढवते. तसंच झालं होतं. बाई चटईवर आडवी, अंगावर शाल, आन् चहूकडून पंधरा-वीस माणसं डोळे मिटून टाळ्या पिटून राहिली. डोळे उघडे फक्त बाईचे होते, तेबी अर्धे. छाती भात्यासारखी हालत होती.

"बंद करा!" मी ढोलकी लाथेनं उडवली. "बंद करा ते गाणं! मरून राहिली ती!"

"विनिताताई," प्रतीक हात वर करून म्हणाला, "आत्म्याचं काम थांबवू नका."

"आत्म्याचं काम? नाक हाये ना तुले? मंग खाली वाक आन् हिचा वास घे! देवानं तुले डोळे दिले ते मिटून घ्यायले दिले का? तीन दिवस बाई तुह्या शब्दावर उपाशी हाये, आन् ती पडली तर तू टाळ्या वाजवून राहिला?"

कोणी हललं नाई. भाऊजी भिंतीले टेकून उभे. मी त्यायच्या पुढ्यात गेली. "भाऊजी, आता जर तुम्ही हिले उचललं नाई, तर प्रभू तुम्हाले माफ करीन, मी नाई करणार. सांगून ठेवते."

मंग ते हलले. ढसाढसा रडत त्यायनं खांदे धरले. "तू पाय धर!" मी प्रतीकवर खेकसली. त्यानं पाय धरले. काशिनाथनं न सांगता टेम्पोतली सगळी मेथी वाटेवर उलथून टाकली. रस्ताभर बाईचं डोकं प्रतीकच्या मांडीवर होतं आन् तो रडत रडत प्रार्थना करून राहिला होता. मी म्हणलं, "कर, पण डोळे उघडे ठेवून कर. श्वास चालू हाये का ते पाह."

सरकारी दवाखान्यातली डॉक्टरीण आमच्यावर अशी ओरडली का सारा वॉर्ड ऐकत होता. "सुई किसने बंद करवाई?" प्रतीकच पुढं झाला. "मैंने," म्हणाला. सलाइन लावलं, सुई चालू झाली. डॉक्टरीण म्हणली, तासभर उशीर झाला असता तर हातची गेली असती.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाईनं डोळे उघडले. भाऊजी, प्रतीक आन् मी, तिघं खाटेजवळ होतो. ओठ हालले, मी कान जवळ नेला.

"विनिते, माहा विश्वास कमी पडला का वं?"

आई गं! मरणाच्या दारातून बाई आली आन् वरून गुन्हेगारबी तीच! मी प्रतीकच्या दंडाले धरून त्याले खाटेसमोर उभा केला.

"सांग तिले. तूच सांग."

"नाही, काकू," तो वाकून म्हणाला. "तुमचा विश्वास कमी नव्हता. मी चुकलो. तुमचा जीव मी पणाला लावला. मला माफ करा."

"इथं कानात नाई चालणार," मी म्हणलं. "रविवारी सगळ्यांपुढं उभं राहून म्हणायचं. औषध बी देवाचंच हाये, कोणी सुई सोडू नका, म्हून. मी पहिल्या रांगेत बसते. एक शब्द गाळला तर तिथंच उठीन."

"म्हणतो, ताई."

मले वाटलं, आता बाई याले दोन शब्द सुनावते. सुनावावेच. तिचा हक्क होता. पण बाई त्याच्याकडं पाहत राहिली. पोराचे ओठ सुकलेले, डोळे खोल गेलेले.

"तू बी उपासच धरला होता ना माह्यासोबत?" ती म्हणाली. "अजून जेवला नाईस, बाबू?"

त्यानं मान खाली घातली. नाई म्हणला.

"विनिते, जाय वं, त्याले खायले आण काही."

माह्या मनात काय होतं ते सांगू? त्याच्या थोबाडीत एक ठेवून द्यावी असं होतं. पण मी चपला घातल्या, जिना उतरली आन् फाटकावरच्या गाडीवरून त्याच्यासाठी पोहे आणले. रागानंच आणले, पण गरम आणले.