अर्ध्या वाटेवरून

ध्रुवाकडच्या त्या समुद्रकाठच्या गावात आइपिलिक हिवाळाभर रोज सकाळी साडेआठला गावच्या रेडिओवर बर्फाची खबर सांगायचा. ही काही कुणी दिलेली नोकरी नव्हती. दहा-बारा वर्षांपूर्वी एकदा सहज बोलला, लोकांना बरं वाटलं, आणि मग ते काम त्याच्या गळ्यातच पडलं. खाडी कुठे धरली आहे, म्हणजे वरून जाण्याइतकी गोठली आहे, कुठे फट आहे, सीलची बर्फातली श्वासभोकं कुठे दिसतायत, एवढंच तो सांगायचा. त्याचं ऐकून माणसं चहाचा कप खाली ठेवत आणि निघत.

त्याच्या धाकट्या बहिणीचा, इवालूचा, नवरा सियाकुलुक त्यावरून त्याची यथेच्छ थट्टा करायचा. "काय मेव्हणे, आज आवाज बसलेला वाटला. तुम्हाला सर्दी झाली की खाडीला?"

"तुम्ही ऐकता तरी का, दाजी? तुमचं तर सगळं उलटंच असतं."

"ऐकतो ना. मग बायकोला विचारतो, आणि ती म्हणेल तिकडे जातो."

पण जायचा तो आइपिलिकच्या सांगण्यावरूनच. चाळीस वर्षं दोघांनी मिळून शिकार केली होती. एकाने सील मारला की दुसऱ्याच्या घरी त्याचा ठरलेला वाटा पोचायचा.

त्या वर्षी समुद्र तीन आठवडे उशिरा गोठला. गोठतो न गोठतो तोच वरून भरपूर हिम पडलं. कोवळ्या बर्फावर असं पांघरूण पडलं की खालचा बर्फ जाड होत नाही, हे आइपिलिकला लहानपणापासून माहीत होतं. म्हणून नोव्हेंबरच्या मध्याला तो लोखंडी पहार घेऊन स्वतः खाडी तपासायला निघाला. दर शंभर पावलांवर स्नोमोबाईल थांबवायची, उतरायचं, पहार हाणायची. अलीकडचा बर्फ चांगला निघाला. अर्ध्यावर आल्यावर मात्र गुडघा असा ठणकायला लागला की उतरणं-चढणं नको झालं. त्याने पलीकडच्या किनाऱ्याकडे पाहिलं. सगळं सारखंच पांढरं. पन्नास वर्षांत या दिवसांत तिथला बर्फ कधी दगा देऊन गेला नव्हता. तो माघारी वळला.

दुसऱ्या दिवशी रेडिओवर तो म्हणाला, "खाडी धरली आहे. पार पलीकडपर्यंत जायला हरकत नाही."

त्यानंतर दोन दिवसांनी सियाकुलुक पलीकडे सील बघायला गेला, आणि संध्याकाळी परत आला नाही.

सकाळी शोधायला सहा जण निघाले, त्यात आइपिलिक होता. मधल्या दिवसांत वारा नव्हता, त्यामुळे माग स्पष्ट होते. सियाकुलुकचा माग त्याच्याच मागावरून चालला होता. जिथे आइपिलिक वळला होता तिथे दाजी थांबलेला दिसत होता. बुटांचे ठसे, विझवलेली एक सिगरेट. म्हणजे त्याने खाली उतरून पाहिलं होतं. मेव्हण्याचा माग इथे संपतोय, पुढे कुणी गेलेलं नाही, हे त्याला कळलं होतं. आणि सिगरेट संपवून तो तरीही पुढे गेला होता.

तिथून अर्ध्या मैलावर भोक होतं. त्यावर नवा पातळ पापुद्रा धरला होता आणि त्यात पेट्रोलचा लाल डबा अडकला होता. देह तिसऱ्या दिवशी मिळाला.

आइपिलिकला कुणी काही बोललं नाही. गावात तशी रीत नव्हती. त्याने मात्र रेडिओवर जाणं बंद केलं. कुणी घरी येऊन विचारलं तरी म्हणायचा, "मला काही कळत नाही. दुसऱ्या कुणाला विचारा."

जानेवारीत पनिकपाक आली. पन्नाशीची, एकटी शिकार करणारी बाई. दारातच उभं राहून तिने विचारलं, "काका, काळ्या कड्याखालून जाऊ का? लांबून गेलं तर पेट्रोल पुरत नाही."

कड्याखालून दोन दिवस वाफ निघताना आइपिलिकने खिडकीतून पाहिली होती; वाफ म्हणजे तिथे पाणी उघडं. जाऊ नकोस, हे शब्द त्याच्या तोंडापर्यंत आले होते.

"मला नको विचारू," तो म्हणाला.

पनिकपाक पाण्यात पडली. पोटावर सरपटत ती बाहेर आली, पण गावात पोचेपर्यंत उजव्या पायाची दोन बोटं गारठून गेली.

तो भेटायला गेला तेव्हा ती पाय उशीवर ठेवून बसली होती. "काका, तुम्ही नुसतं 'नको' म्हणाला असता तर मी चहा पिऊन घरी गेले असते," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. तेच त्याला जास्त लागलं.

तिथून तो थेट इवालूकडे गेला. ती जमिनीवर बसून कातडं खरवडत होती. नवरा गेल्यापासून तो तिच्या घरात बसला नव्हता. मांस आणायचा, दारात ठेवायचा, निघून जायचा.

"इवालू, मी त्या दिवशी पलीकडे गेलोच नव्हतो. गुडघा दुखत होता. अर्ध्यावरून परत आलो."

तिचा हात थांबला नाही. "माहितेय. शोधायला गेलेल्यांनी मला सिगरेटचंही सांगितलं."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू, दादा? तो तुझ्या शब्दावर गेला. तुझा शब्द नसता तर तुझा माग संपला तिथूनच तो परत फिरला असता. हे तुलाही कळतंय, मलाही." तिने कातडं उलटं केलं. "पण पनिकपाकच्या वेळी तुला माहीत होतं. तेव्हा का गिळून बसलास? दु:खाने? माझ्याइतकं दु:ख आहे का तुला?"



दुसऱ्या दिवशी तो पहार घेऊन कड्यापर्यंत गेला. त्याच्या पुढच्या सकाळी रेडिओवर त्याचा आवाज आला. "काळ्या कड्याखाली तीन ठोक्यांत पाणी लागलं. तिकडे जाऊ नका. त्याच्या पलीकडे मी गेलेलो नाही. पलीकडचं मला माहीत नाही. नोव्हेंबरातही मी अर्धीच खाडी पाहिली होती आणि पुरी पाहिल्यासारखं बोललो."

 मग रेडिओच्या खोलीतला फोन वाजला. पनिकपाक होती. आपण नेमक्या कुठे पडलो ते तिने सांगितलं. तिच्यामागून आणखी एकाने फोन केला, मग आणखी एकाने. ज्याने जेवढं पाहिलं तेवढं तो सांगू लागला. त्या हिवाळ्याच्या शेवटी साडेआठची वेळ साऱ्या गावाची झाली होती. आइपिलिकला वेगळं असं कुणी विचारेनासं झालं. हे बरंच झालं, असं तो म्हणायचा, आणि रेडिओ बंद करून बराच वेळ खिडकीशी बसायचा.

वसंतात इवालू पनिकपाकबरोबर श्वासभोकांवर जायला लागली. पहिला सील मिळाला तेव्हा तिने आइपिलिकला निरोप धाडला. तो आला, तिच्या घरात जमिनीवर बसला. तिने यकृताचा तुकडा कापून त्याच्यापुढे केला. माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि त्यानेही विचारलं नाही. मांस अजून ऊन होतं.