बोरीपर्यंत

मदतसंस्थेच्या ऑफिसात आम्हा पाहणीवाल्यांना शिकवलं होतं की उत्तर मिळालं म्हणून लगेच पुढच्या प्रश्नावर उडी मारायची नाही. जरा थांबायचं आणि विचारायचं, "आणखी?" माणूस पहिल्या दमात अर्धंच सांगतो. या एका शब्दावर मी मुकबिलला पकडलं, आणि त्याचं मला तीळभरही वाईट वाटत नाही.

आधी माझ्या भावाचं सांगते. दैफल्ला मधाचा व्यापार करायचा. खेचरावर मधाचे डबे लादून शिहार खोऱ्यातून पलीकडच्या बाजाराला जायचा. आमच्या डोंगरात परक्या कबिल्याच्या मुलखातून जायचं तर तिथलाच एक माणूस सोबतीला घेतात. त्याला रफीक म्हणतात. तो एकदा म्हणाला की "तू माझ्या इज्जतीत आहेस", की त्याच्या कबिल्याची हद्द संपेपर्यंत तुमच्या केसाला धक्का लागता कामा नये. लागला तर तो काळा ऐब, कायमचा कलंक. मग त्या माणसाची साक्ष कुणी धरत नाही, त्याच्या घरची मुलगी कुणी करून घेत नाही आणि त्याच्या सोबतीने कुणी आपलं कुत्रंसुद्धा पाठवत नाही.

माझ्या भावाचा रफीक होता मुकबिल. दैफल्ला एका बोरीच्या झाडाखाली मेलेला सापडला. गोळी पाठीत होती. खेचर नाही, मध नाही. मुकबिल पंचांपुढे उभा राहून म्हणाला, "आमची हद्द पांढऱ्या दगडापर्यंत. तिथे त्याला सलाम करून मी माघारी फिरलो. बोर दगडाच्या पुढे आहे. पुढचं मला काय माहीत?" त्याच्या गावच्या पुरुषांनी एकेक करून शपथ घेतली की हद्द दगडापर्यंतच. झालं. मुकबिल मोकळा, आणि आम्ही मुडदा घेऊन परत.

गोळी त्याने झाडली की दुसऱ्या कुणी, हे मला अजून ठाऊक नाही. त्याने फरकही पडत नाही. दैफल्ला त्याच्या इज्जतीत होता.

त्यानंतर देशातली लढाई आमच्याकडेही वाढली. रस्ते बंद झाले, डोंगरावर नाके बसले. आमच्याकडच्या पुरुषाने शिहारकडे नुसतं तोंड केलं तरी गोळी. पण घरोघरी जाऊन कोण काय खातं, कोण काय पेरतं हे विचारायला बायका लागतात, कारण परका पुरुष घरात जाऊ शकत नाही. मी त्या कामात शिरले. दुसऱ्या मुली म्हणायच्या, शिहार नको, तिथे वाट वाईट आहे. मी म्हणायचे, मला द्या. ऑफिसला वाटलं, काय धाडसी बाई आहे.

बाईबरोबर घरचा पुरुष हवा, आणि पाहणीवालीच्या सोबत्याला नाक्यावर सोडतात, म्हणून नाजीमामाला घेतलं. मामा गालात कात नावाच्या पाल्याचा गोळा धरून सगळी वाट कुरकुरत होता. नाक्यावरच्या पोराने अडवलं, "बायकांचं काय काम इथे?"

"तुझ्या घरात पीठ किती उरलंय सांग बघू," मामा म्हणाला. पोराने डोकं खाजवलं. "मग? ते तुझ्या आईलाच विचारावं लागणार ना?" पोरगा हसला आणि त्याने दोरी खाली केली.

मुकबिलच्या घरी त्याची आई हमामा भेटली. मी तिला नियमाप्रमाणे वाचून दाखवलं, की मावशी, तू जे सांगशील ते माझ्यापाशी राहील, गावात जाणार नाही. ती म्हणाली, "गावाला सगळं माहीतच असतं, पोरी. विचार." दिवसातून किती वेळा चूल पेटते, मुलांना दूध मिळतं का, शेरडं किती विकली. तिने सरळ उत्तरं दिली. ज्वारीची भाकरी पुढे केली, तेव्हा मी म्हणाले, आज माझा रोजा आहे. नव्हता. पण त्या घरचं अन्न पोटात गेलं असतं तर मला त्यांचं वाईट करता आलं नसतं.

मग शेताची पाहणी. जमीन दाखवायला घरधनी लागतो, आणि उद्या भांडण नको म्हणून गावचा मुखिया, म्हणजे शेख, सोबत फिरतो. शेख मुस्लिह काठी टेकत आला. मुकबिल खांद्यावर बंदूक अडकवून आला. मी त्याला पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहत होते. अंगाने भरला होता. बुरख्याच्या आत माझे दात एकमेकांवर घासत होते.

जकात घेणारा आला की आमच्या डोंगरातली शेतं आक्रसतात आणि मदतवाला आला की फुगतात. बियाणं जमिनीच्या मापाने वाटणार अशी आवई गावात आधीच उठली होती. ती मी उठवली नव्हती, पण खोडूनही काढली नाही.

"जमीन कुठवर?" मी विचारलं.

"ह्या खालच्या शेताच्या पायऱ्या."

"आणखी?"

"वरच्या दोन. आणि विहिरीकडची पट्टी."

"आणखी?"

असं करत आम्ही पांढऱ्या दगडापाशी पोचलो. मी थांबले. मुकबिलही थांबला. त्याने माझ्या हातातल्या टॅब्लेटकडे पाहिलं, मग पुढच्या उतारावरच्या पिकाकडे पाहिलं. ती ज्वारी त्याचीच होती, दिसतच होतं.

"बियाणं मापावर मिळणार ना?" त्याने विचारलं.

"ते वरचे ठरवतील. मी फक्त लिहिते. आणखी?"

शेख मुस्लिह खाकरला. "दगडापर्यंत लिही, पोरी."

"दगडापर्यंत काय, शेखसाहेब?" मुकबिल वैतागला. "दगड काय, मेंढरं अडवायला ठेवलाय. पुढचं काय सरकारने पेरलं? आमची जमीन बोरीपर्यंत."

"मग तिथवर चालून दाखवावं लागेल," मी म्हणाले. "यंत्र पायाखालचंच माप घेतं."

तो चालला. मी त्याच्या मागे. शेखने दोनदा हाक मारली, पण हाव सुटली की माणसाला ऐकू येत नाही. बोरीच्या बुंध्यावर थाप मारून तो म्हणाला, "हे इथवर. बापजाद्यांपासून."

ज्या जागी माझ्या भावाचं रक्त सांडलं, तिथे त्याचे पाय होते. मी तोंडावरचं कापड वर केलं.

"मी जलीला. दैफल्लाची बहीण. जमीन इथवर म्हणजे हद्दही इथवर. आता हेच शेखसाहेबांकडे बघून परत बोल."

त्याने तोंडातला पाला थुंकला. चेहऱ्याचा रंग उतरला होता. "बियाण्यासाठी बोललो मी. बियाण्यासाठी माणूस काय वाट्टेल ते बोलतो."

"आणि शपथ कशासाठी घेतली होतीत?" मी शेखला विचारलं. "तुम्हीही घेतली होतीत."

मुकबिलचा हात बंदुकीच्या पट्ट्याकडे गेला. मामा माझ्यापुढे येऊन उभा राहिला. शेख म्हणाला, "मुकबिल, ती गावात पाहुणी आहे. अजून एक ऐब पेलवेल का तुला?" हात खाली आला. मग म्हाताऱ्याने कमरेचा खंजीर सोडला आणि मामाच्या हातात ठेवला. पंच पुन्हा बसतील याची ती हमी होती.

"पण हावेपोटी सुटलेला शब्द पंच धरणार नाहीत," शेख मला म्हणाला. "साक्षीदार लागेल. आणि इथल्या प्रत्येक पुरुषाने शपथ खाल्लीय. आपलीच शपथ कोण मोडणार?"

आम्हाला रस्त्यापर्यंत सोडायचं कुणी, हा प्रश्न आला. मुकबिलच्या सोबतीने मी जाणार नव्हते आणि शेखला उतार झेपत नव्हता. गलका ऐकून हमामा बांधावर आली होती. ती म्हणाली, "मी सोडते." तिच्या पायात चपलाही नव्हत्या.

मामा पुढे चालला होता. ती माझ्या बरोबरीला आली. मग म्हणाली, "मला विचारलं असतं तर मी तेव्हाच सांगितलं असतं."

"काय?"

"हद्द बोरीपर्यंतच. लग्न होऊन आले तेव्हापासून तिथली बोरं मीच वेचते. सासू म्हणायची, आपली आहेत, पाखरांना सोडू नको."

मी वाटेतच उभी राहिले. "मग बोलली का नाहीस?"

"विचारलं कुणी? शपथ पुरुषांची. मी आत त्यांच्यासाठी भाकऱ्या भाजत होते."

माझ्या अंगाचा भडका उडाला. इतकी वर्षं माझी आई भिंतीकडे तोंड करून पडलेली, आणि ही बाई बोरं वेचत होती. मुकबिलचा आला नव्हता इतका राग मला तिचा आला.

"आता विचारतील," मी म्हणाले.

तिने माझा हात धरला. "पोरी, तुझं मन हलकं व्हावं म्हणून बोलले मी. बाई बाईशी बोलते तशी."

"सगळ्यांसमोर बोललीस की होईल हलकं."

"तो माझा मुलगा आहे. घरात त्याच्या पोरी आहेत. उद्या त्यांना कोण करून घेईल?"

"तुझा मुलगा जिवंत आहे," मी म्हणाले आणि चालू लागले.

गाडीत मामा म्हणाला, "म्हातारीला सोड, जलीले. सकाळी तिला वाचून दाखवलंस ना, तुझ्यापाशीच राहील म्हणून?"

"ते पिठाबद्दल होतं."

"तुला माहितीय ते कशाबद्दल होतं," मामा म्हणाला आणि त्याने तोंड खिडकीकडे फिरवलं. मी पंचांकडे तिचं नाव दिलं. ऑफिसला कळलं आणि माझी नोकरी गेली, ती जाणारच होती. पाहणीवाल्या बायकांना शिहारने दार बंद केलं. त्या वर्षी खोऱ्यात बियाणं पोचलं नाही. लोक मला त्यावरून बोलतात. बोलोत. खोटी शपथ घेताना त्या गावाला पुढच्या पेरणीची काळजी नव्हती.

पंच बाजाराच्या मोकळ्या माळावर बसले. मी आईला गाढवावर बसवून घेऊन गेले होते. पलीकडे मुकबिल मान खाली घालून, पाय आखडून बसला होता. हमामाला पुढे बोलावलं. मुख्य पंचाने विचारलं, "बाई, तुमची हद्द कुठवर?"

तिने डोक्यावरचं कापड पुढे ओढलं. मला वाटलं, आता खोटं बोलेल. मी असते तर बोलले असते.

"बोरीपर्यंत," ती म्हणाली.

मुकबिलने एकदाच "आई" अशी हाक मारली. तिने त्याच्याकडे वळून पाहिलं नाही. ती माझ्याकडे पाहत होती. तिला वाटलं असेल, मी नजर खाली घालीन. मी घातली नाही.