झोपेची खोली

भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा, असं ज्याने पहिल्यांदा म्हटलं त्याला एकदा उस्तादच्या केबिनमध्ये बसवायला हवं होतं. खाली माणसं, वर साखळीला टांगलेला लोखंडी गर्डर, आणि तो गर्डर हलवणारा माणूस कित्येक रात्री धड न झोपलेला. मग कळलं असतं त्याला, धोंड्यावर झोप येते की नाही ते.

उस्ताद म्हणजे लोखंडाच्या कारखान्यातला जुना क्रेनवाला. त्याचं खरं नाव पगाराच्या कागदावर असेल. बाकी शिपायापासून साहेबापर्यंत सगळे त्याला उस्तादच म्हणत. तो गर्डर असा खाली टेकवायचा की जमिनीलाही पत्ता लागू नये. अशा माणसाचा एका दुपारी डोळा लागला. लागला म्हणजे क्षणभरच. पण तेवढ्यात गर्डर झोकांडला आणि खाली साखळी अडकवणाऱ्याच्या खांद्याला घासून गेला. हाड मोडलं नाही, हे त्या बिचाऱ्याचं नशीब.

साहेब भला माणूस. त्याने दार लावून घेतलं आणि म्हणाला, "उस्ताद, या वेळी पोटात घातलं. पुढच्या वेळी माझ्याही हातात काही राहणार नाही. काही दिवस खाली बसा, झोपेचं काय ते बघा, डॉक्टरचा दाखला आणा आणि मग वर चढा. नाहीतर केबिन दुसऱ्याला द्यावी लागेल."

खाली बसणं म्हणजे स्टोअरमध्ये बोल्ट निवडणं. उस्तादला ते मरणाहून वाईट वाटलं. अशी वाक्यं आपण किती सहज बोलतो!

डॉक्टरने विचारलं, "झोप का होत नाही?"

"बायको घोरते."

डॉक्टर हसला. घोरण्याला सगळेच हसतात. उस्तादची बायको तर स्वतःच सगळ्यात जास्त हसायची. ती एका वसतिगृहात स्वयंपाक करायची. अंगाने भरलेली, तोंडाने मोकळी. पाहुण्यांना सांगायची, "दिवसा हे क्रेन चालवतात, रात्री मी चालवते. आमच्या घरात दोन पाळ्या आहेत."

खरी गोष्ट जरा वेगळी होती आणि ती उस्तादनेही कधी नीट मनावर घेतली नव्हती. घोरण्याने तो कधीच जागा होत नसे. खडखडाटात जन्म गेलेल्या माणसाला घोरण्याचं काय! तो जागा व्हायचा घोरणं थांबलं की. घरघर चालता चालता मध्येच तुटायची आणि खोलीत काहीच ऐकू यायचं नाही. त्या शांततेने त्याचे डोळे उघडत. मग त्याचं कोपर आपसूक तिच्या बरगडीत जाई. ती हिसका देऊन श्वास ओढे, काहीतरी पुटपुटत कूस बदले, आणि घरघर पुन्हा सुरू. पूर्वी हे कधीमधी व्हायचं. अलीकडे रात्रभर हेच चाललेलं असे. सकाळी ती बरगडी चोळत म्हणे, "ते मेलं कोपर काढून खुंटीला टांगत जा हो." तोही हसून सोडून देई.

आता बायकोला कोपर मारतो, हे काय डॉक्टरला सांगायचं असतं? त्याने नाही सांगितलं. आणि घोरणं थांबतं का, हे डॉक्टरनेही नाही विचारलं.

त्यांना एकुलती एक लेक. लग्न होऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला राहणारी. एका मोठ्या हॉटेलात खोल्यांची सगळी देखरेख तिच्याकडे होती. प्रवासाने शिणलेल्या अनोळखी माणसांना झोप लागावी म्हणून काय काय करावं लागतं, हे तिला तोंडपाठ होतं. बापाची केबिन जाते आहे हे कळताच ती पदर खोचून आली.

"बाबा, तुम्ही माझ्या जुन्या खोलीत झोपायचं. एकटं. झोपेची खोली म्हणजे फक्त झोपेची. तिथे दुसरं काही नाही."

आईने गालावर हात ठेवला. "म्हणजे म्हातारपणी काडीमोड म्हण की!"

"आई, तुलाही आख्खा पलंग मिळेल."

"तेही खरंच. लोळेन चारी बाजूंनी. आणि बरगड्यांना जरा सुट्टी."

लेकीने त्या खोलीतून कपाट बाहेर काढलं, टेबल काढलं, टिकटिक करणारं घड्याळ तर पहिल्यांदा काढलं. मऊ पडलेली जुनी गादी गेली, घट्ट गादी आली. दुहेरी अस्तराचा पडदा आणला आणि तो खिडकीपेक्षा हातभर रुंद लावला, कारण उजेड कडेनेच चोरासारखा शिरतो म्हणे. फोनच्या चार्जरवरच्या लाल ठिपक्यालाही तिने काळी पट्टी चिकटवली. चादर सुती, पांढरी, चारी कोपरे गादीखाली ताणून दुमडलेली. शेवटी दाराच्या खालच्या फटीला जाड नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, पट्टी ठोकली. आईला म्हणाली, "बाहेरून हाक मार," आणि दार लावून स्वतः आत उभी राहिली.

आईने हाक मारली. आत काही ऐकू आलं नाही. लेकीने दार उघडून विजयी मुद्रेने बापाकडे पाहिलं. आईच्या हाकेचा आवाज अडवला, याचा त्या दिवशी तिघांनाही आनंद झाला होता.

पहिले दोन-तीन दिवस उस्तादला तिथे करमेना. तो उठून बायकोच्या दाराशी जाऊन उभा राही. आत घरघर चाललेली ऐकली की जीव भांड्यात पडे. हे बायकोच्याच लक्षात आलं आणि तिने लेकीकडे चुगली केली. लेक फोनवर रागावली, "बाबा, तुम्ही असे फेऱ्या मारणार असाल तर मी कशाला राबले? नोकरी हवी आहे ना?"

नोकरी हवी होती. मग तो उठेनासा झाला. आणि एकदा झोप लागायला लागल्यावर ती अशी लागली की विचारू नका. इतक्या वर्षांची थकबाकी वसूल करत असल्यासारखा तो ढाराढूर झोपायचा. डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेली. जेवण अंगी लागलं. डॉक्टरने दाखला दिला, साहेबाने पाठीवर थाप मारली, आणि उस्ताद पुन्हा केबिनमध्ये चढला. खांदा खरचटलेल्या माणसाने खालून सगळ्यांत आधी टाळी वाजवली. त्या दिवशी घरी येऊन उस्तादने बायकोला सगळं साग्रसंगीत सांगितलं. ती म्हणाली, "बघा, मला दूर केलं आणि तुमचं भाग्य उघडलं." तिचं डोकं मात्र हल्ली सकाळी जड असायचं. दिवसाही बसल्या बसल्या डुलकी लागायची. ती म्हणायची, वय झालं.

मग एका सकाळी उस्ताद उठला तर स्वयंपाकघरात दिवा नव्हता. रोज त्याच्या आधी उठणारी बाई उठली नव्हती. त्याला वाटलं, झोपू दे. त्याने स्वतःच चहा टाकला, दोन कप. तिचा कप घेऊन आत गेला. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. त्याने हाक मारली, मग हात लावला. तिचं अंग गार होतं.

कप त्याने कुठे ठेवला, त्याला पुढे कधी आठवलं नाही.

डॉक्टर आला. लेक आणि जावई धावत आले. डॉक्टर म्हणाला, "हृदय बंद पडलं. झोपेतच. यांचा श्वास कधी झोपेत अडकायचा का हो? मध्येच थांबायचा, असं?"

इतकी वर्षं जे त्याच्या कोपराला ठाऊक होतं, ते त्या एका प्रश्नाने उस्तादच्या डोक्यात शिरलं. समोर लेक उभी होती, आईचे पाय हातात धरून. तिच्या मागे, उघड्या दारातून, तिने सजवलेली खोली दिसत होती. तो म्हणाला, "नाही. कधीच नाही."

लोक येत राहिले आणि एकच वाक्य बोलत राहिले, झोपेत मरण यायला भाग्य लागतं. त्याला त्या प्रत्येकाचं तोंड दाबून धरावंसं वाटलं. कोपर मारलं असतं तर ती वाचली असती का? कोण सांगणार! डॉक्टरही सांगू शकला नसता. पण उस्तादला त्यातून सुटका नव्हती. तो मोठ्या पलंगावर परतला, आपल्या जुन्या बाजूला. झोप पुन्हा गेली. या वेळी त्याने स्वतःच साहेबाला सांगून केबिन सोडली आणि बोल्ट निवडायला बसला. एक गुपित तेवढं त्याने जिवापाड जपलं होतं. लेकीला हे कळता कामा नये. आई गेली ते दुःख ती पेलेल. आपण सजवलेल्या खोलीने काय केलं हे कळलं तर ती जगायची नाही, असं त्याला वाटे.

महिना-दीड महिन्याने लेक घर आवरायला आली. बाप मोठ्या पलंगावर झोपतो हे पाहून तिने तोंड सोडलं. "अवतार बघा तुमचा! एवढी चांगली खोली केली ती काय बघायला? मी तर आमच्याकडेही तशीच करते आहे. पडदे लागले, गादी उद्या येईल."

"कोणासाठी?"

"माझ्यासाठी. ह्यांचं घोरणं, अहो बाबा, आईच्या वरताण! आणि नुसतं घोरणं असतं तर चाललं असतं. मध्येच बंद पडतं. मी दचकून जागी होते. मग एकदम बुडता माणूस वर आल्यासारखा श्वास घेतात."

उस्ताद उशीचा अभ्रा बदलत होता. तो थांबला. "बंद पडतं तेव्हा तू काय करतेस?"

"लाथ घालते!" ती हसली. आई गेल्यावर ती पहिल्यांदाच हसत होती. "आता तोही त्रास नाही."

"नवरा-बायकोने असं वेगळं झोपू नये गं."

"हे तुम्ही सांगताय? तुम्हीच तर झोपलात."

"मग जावईबापूंना डॉक्टरकडे तरी ने. आजच."

"घोरण्यासाठी? बघू हो, सवड मिळाली की. तुमचं आपलं काहीतरीच."

ती चादर झटकू लागली. उस्तादने अभ्रा खाली ठेवला. दुसरं काही सुचतं का, हे त्याने जिवाच्या आकांताने शोधलं. काहीच सुचलं नाही.

"तुझ्या आईचंही बंद पडायचं," तो म्हणाला. "रोज. मी कोपर मारून तिला उठवायचो."

लेकीच्या हातातली चादर तशीच राहिली.

"डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तुम्ही नाही म्हणालात."

"हो."

"मी समोर होते म्हणून."

त्याने मान खाली घातली. ती पलंगाच्या कडेवर बसली. रडली नाही. ती त्या पट्टी ठोकलेल्या दाराकडे बघत राहिली. तो जवळ सरकला, तशी तिने हात वर करून त्याला थांबवलं.

"तुझी काही चूक नाही, बाळा. मला माहीत होतं. मीच बोललो नाही."

"बाबा, आत्ता काही बोलू नका."

मग तिने फोन उचलला. नवऱ्याला म्हणाली, "आज लवकर या. डॉक्टरकडे जायचंय. नाही, मी ठीक आहे. तुम्हाला दाखवायचंय. आणि ती गादी नको म्हणून कळवा." आवाज अगदी रोजचा होता. फोन ठेवून ती बापाकडे वळली.

"डॉक्टर काय करायचं ते करतील," ती म्हणाली. "पण आज रात्री तर हे असेच झोपणार. कुठे मारायचात तुम्ही? किती वेळ वाट बघून?"

उस्ताद तिच्या शेजारी बसला. आयुष्यात कोणाला शिकवावी लागेल असं त्याला कधी वाटलं नव्हतं, ती गोष्ट तो हळूहळू सांगू लागला. "वाट बघायचीच नाही. थांबलं की लगेच. इथे, शेवटच्या बरगडीच्या जरा वर. आणि कूस वळेपर्यंत सोडायचं नाही."

तिने आपलं कोपर बापाच्या बरगडीला लावलं. "एवढं?"

"अजून जरा जोरात," तो म्हणाला.