माझ्या रिपोर्टात ज्युनियर

"सहाशे अकरा," ऑफिसातली ती पोरगी म्हणाली. वर स्क्रीन माझ्याकडे वळवून दाखवली, म्हणजे मी बहिरा असेन तर निदान वाचता तरी यावं.

मी तळ्याकाठच्या म्हाताऱ्यांच्या इमारतीत तळमजल्यावरची जागा भाड्यानं मागायला गेलो होतो. गुडघे संपलेत माझे. घरातला जिना चढताना मध्येच बसावं लागतं, आणि बसलेल्याला उठवायला घरात कुणी नाही. लॉर्ना जाऊन नऊ वर्षं झाली. म्हटलं, घर विकावं आणि जिना नसलेल्या ठिकाणी मरावं.

"मॅडम, हा आकडा माझा नाही," मी म्हणालो.

"नाव ऑर्विल टेस्मर ना?"

"हो."

"मग तुमचाच आहे."

तळपायाची आग मस्तकात गेली. एकोणचाळीस वर्षं बाथटबच्या कारखान्यात भट्टीसमोर उभा राहिलो, एक बिल कधी एक दिवस उशिरा भरलं नाही. एकच कार्ड, तेही महिन्याच्या महिन्याला पूर्ण फेडायचं. माझा क्रेडिट स्कोअर आठशेच्या खाली कधी उतरला नव्हता, आणि आमच्या शेबॉयगनमध्ये माणसं वजन सांगणार नाहीत पण हा आकडा सांगतील. सहाशे अकरा म्हणजे गावभर उधारी करून फिरणाऱ्याचा आकडा! हे सगळं मी त्या पोरीला ऐकवलं, जरा मोठ्यानंच.

पोरगी मात्र थंड डोक्याची. "रिपोर्ट मागवा, मिस्टर टेस्मर. फुकट मिळतो. चूक असेल तर तक्रार टाका, तीस दिवसांत दुरुस्त करतात. ऑक्टोबर संपेपर्यंत जागा धरून ठेवते मी तुमच्यासाठी."

रिपोर्ट टपालानं आला. चौदा पानं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर चष्मा पुसून बसलो, हातात लाल पेन. जिथं चूक दिसेल तिथं फुली मारायची, असं ठरवूनच.

पहिल्या पानावर राहण्याचे पत्ते होते. पहिला माझा. दुसरा लास क्रुसेस, न्यू मेक्सिको. न्यू मेक्सिकोला मी उभ्या जन्मात गेलो नाही. मारली फुली. पुढं टायरच्या दुकानाचं कार्ड, दोनदा हप्ता चुकलेला. फुली. लहान मुलांच्या दातांच्या दवाखान्याचं थकलेलं बिल, वसुलीवाल्यांकडे गेलेलं. फुली. मग एका फर्निचरच्या दुकानाचं कर्ज, आणि त्या दुकानाच्या नावातच होतं की तिथं फक्त मुलांचे पलंग मिळतात. तिथं पेन थांबलं. चोर कशाला मुलांचे पलंग घेईल?

म्हटलं, अरे, हा तर ज्युनियर!

आमच्या घराण्यात पोराला बापाचं नाव देण्याची पद्धत नव्हती, ती मी सुरू केली. लॉर्ना म्हणत होती, त्याला त्याचं स्वतःचं नाव दे. मी ऐकतोय थोडाच. पहिला मुलगा, तो ऑर्विल टेस्मरच होणार, शेवटी ज्युनियर लावा म्हणजे झालं. पण फॉर्म भरताना ते ज्युनियर लिहितो कोण? नाव तेच, जुना पत्ता आमच्याच घराचा, मशीनला काय कळणार बाप कोण आणि लेक कोण. त्या रिपोर्टवाल्या कंपनीनं दोघांना एकाच फाइलीत कोंबलं होतं.

नऊ वर्षं मला त्याचा ठावठिकाणा नव्हता. दोष कुणाचा विचाराल तर माझाच, उगीच आढेवेढे कशाला घेऊ. लॉर्नाच्या अंत्यविधीला तो चार तास उशिरा आला. रस्त्यात बर्फाचं वादळ होतं, हे मला नंतर कळलं. आला तेव्हा दफन उरकलं होतं आणि सगळी मंडळी चर्चच्या तळघरात हॅमचे सँडविच खात बसली होती. त्यानं हातात प्लेट घेतली तेवढ्यात मी सगळ्यांदेखत म्हणालो, "जेवायला मात्र बरोबर वेळेवर पोचलास." त्यानं प्लेट टेबलावर ठेवली, आईच्या मैत्रिणींना एकेक करून भेटला आणि गेला. फोन नंबर बदलला. नाताळला पाठवलेलं कार्ड परत आलं, मग मीही पाठवणं सोडलं. माझी जीभ जळली नाही तेव्हा, आणि नंतर रोज जळली.

आणि आता तो माझ्या टेबलावर चौदा पानांत पसरून पडला होता. रात्रीचं जेवण विसरलो मी. दातांचा दवाखाना म्हणजे मूल आहे. पलंगाचं कर्ज दोन वर्षांपूर्वीचं, म्हणजे मूल पाळण्याबाहेर आलंय. दोन हप्ते चुकले त्या महिन्यांत नोकरी गेली असेल का? पुढं परत नीट भरलेत, म्हणजे दुसरी मिळाली असेल. शाब्बास रे! मी एकटाच बसून मोठ्यानं शाब्बास म्हणालो, आणि मग त्या लाल फुल्यांकडे बघून मला भडभडून आलं.

दुसऱ्या दिवशी पतसंस्थेत गेलो. तिथं कर्जाच्या टेबलावर डॉर्लीन विक बसते. लॉर्नाची शाळेपासूनची मैत्रीण, त्यामुळे मला फाडफाड बोलायचा परवाना तिला आपोआप मिळालेला आहे.

"सोपं आहे," ती म्हणाली. "तक्रार टाक, फाइली वेगळ्या करतील. महिन्याभरात तुझे आठशे परत."

"आणि हे सगळं?"

"हे जाईल तुझ्या रिपोर्टातून. तेच तर हवंय तुला."

मी पानं गोळा केली. "बघतो."

"बघतो काय? ऑक्टोबर लागला, जागेला महिनाच उरलाय! ऑर्विल, पत्ता आहे तुझ्यासमोर. पत्र लिही पोराला."

"आणि त्यानं ते न उघडता परत पाठवलं तर?"

"तर परत आलं. मरतोस का त्यानं?"

ती बोलायला मोकळी आहे. तिचा मुलगा तीन गल्ल्या सोडून राहतो आणि दर शुक्रवारी तिला तळलेले मासे खायला घेऊन जातो.

मी तक्रार टाकली नाही. ऑक्टोबर संपला, तळमजल्यावरची जागा दुसऱ्या कुणाला गेली. त्याऐवजी मला लायब्ररीतल्या बाईंनी शिकवलं की रिपोर्ट दर आठवड्याला कॉम्प्युटरवर फुकट बघता येतो. झालं! दर मंगळवारी सकाळी दहाला मी लायब्ररीच्या दारात. खरं तर महिन्यातून एकदाच काय तो फरक पडायचा, बाकी तीन मंगळवार तेच ते आकडे. तरी जायचो. एकदा दातांचं बिल चाळीस डॉलरनं कमी झालेलं दिसलं, तेव्हा शेजारच्या खुर्चीवरच्या अनोळखी म्हाताऱ्याला मी सांगितलं, "माझा मुलगा फेडतोय." तो म्हणाला, "छान." त्या महिन्यात कुणाशी एवढंच बोलणं झालं माझं.

नोव्हेंबरात डॉर्लीननंच बोलता बोलता आग लावून दिली. म्हणाली, "त्याचं तुझ्याकडे येतं, तसं तुझंही त्याच्याकडे जात असेल. फाइल एकच आहे ना."

हे माझ्या टाळक्यात कसं आलं नव्हतं? म्हणजे ज्युनियर कधी आपला रिपोर्ट उघडत असेल, तर त्यालाही मी दिसत असेन! पण त्याला दिसणार काय? एक जुनं कार्ड, वेळेवर फेडलेलं. त्यावरून माणूस जिवंत आहे की बँकच आपोआप पैसे कापतेय, काय समजणार?

"डॉर्लीन, मला कर्ज दे."

"कशासाठी?"

"दारातला बर्फ उडवायचं मशीन घेतो. चौदाशे डॉलर."

"तुझ्या गॅरेजमध्ये आहे की एक!"

"दोन असले तर तुझ्या पोटात का दुखतं?"

तिनं चष्मा काढला आणि माझ्याकडे नीट बघितलं. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. "वेडा आहेस," ती म्हणाली, पण हळू आवाजात. "सहाशे अकरावर बाहेर तुला कुणी दारात उभं केलं नसतं. कर इथं सही."

मशीन आलं. खोक्यातून बाहेरसुद्धा काढलं नाही. हप्ता मात्र मी दर महिन्याला स्वतः जाऊन भरायचो, आणि भरताना मनात म्हणायचो, बघ, डिसेंबर. मी आहे. बघ, जानेवारी. आहे अजून. आता हसा खुशाल. बहात्तराव्या वर्षी माणूस हप्ता भरून पोराला हाक मारतोय.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात डॉर्लीनचा फोन आला. "ये. आत्ता ये."

"काय झालं?"

"ये म्हटलं ना!"

गेलो. तिनं दार लावून घेतलं, हे ती कधी करत नाही.

"त्या चौदाशेच्या कर्जावर तक्रार आलीय," ती म्हणाली. "लास क्रुसेसहून."

मी खुर्ची ओढून बसलो. आलं उत्तर. हे माझं नाही, काढून टाका. दुसरं काय लिहिणार तो? लिहू दे, हक्कच आहे त्याचा. मी तिला तसं म्हणालो.

"गप्प बस आणि वाच. हे मी तुला दाखवायला नको, नोकरी जाईल माझी. तशी मार्चमध्ये निवृत्त होतेच आहे मी."

तिनं स्क्रीन वळवली. फॉर्मच्या खाली, जिथं जास्तीचं लिहायला जागा असते, तिथं त्यानं लिहिलं होतं:

'हे कर्ज माझं नाही. माझं आणि माझ्या वडिलांचं नाव एकच आहे, पण हे त्यांचंही नसणार. ते हप्त्यावर काही घेत नाहीत. आमचा टोस्टर बिघडला तेव्हा पैसे जमेपर्यंत दोन महिने आम्ही तव्यावर ब्रेड भाजून खाल्ला. ते आता म्हातारे आहेत आणि एकटे राहतात. कुणीतरी त्यांच्या नावावर कर्ज काढून त्यांना फसवतंय. कृपया त्यांना लगेच कळवा. मी सांगितलं असं मात्र सांगू नका.'

मी ते तीनदा वाचलं. मला एकटे राहतात हे शब्द सोसेनात. म्हणजे त्याला माहीत होतं. नऊ वर्षं त्याला माहीत होतं की मी एकटा आहे, आणि टोस्टरही त्याच्या लक्षात होता.

"ऐक," डॉर्लीन म्हणाली. "मला याला उत्तर पाठवावं लागणार. कर्ज तुझं आहे, तू स्वतः काढलंस, असं मी उद्या लिहिलं की कंपनी फाइली वेगळ्या करील. मग त्याचं तुला दिसणार नाही आणि तुझं त्याला नाही. उद्यापर्यंतच काय ते आहे." तिनं बोटानं फॉर्मच्या वरचा कोपरा दाखवला. तिथं त्याचा फोन नंबर होता.

मी तळहातावर लिहून घेतला, कागद मागायचंही सुचलं नाही. बाहेर येऊन गाडीत बसलो, हीटर लावला, बंद केला, परत लावला. बोलायचं काय हे ठरवायच्या आधीच नंबर दाबून मोकळा झालो, कारण ठरवत बसलो असतो तर मार्च उजाडला असता.

"हॅलो, ऑर्विल टेस्मर बोलतोय."

आवाज भरलाय त्याचा. माझ्या बापासारखा येतो.

"मीपण," मी म्हणालो.

मला वाटलं, आता ठेवतो हा फोन.

"ते कर्ज मीच काढलंय," मी घाईघाईनं म्हणालो. "मला कुणी फसवलं नाही. ते सांगायला केला फोन."

"कशाला काढलंत?"

"बर्फाचं मशीन घेतलं."

"आहे की तुमच्याकडे."

"आहे."

"मग?"

तोंडात नेहमीचं आलं होतं, तुला काय करायचंय, माझे पैसे आहेत. जिभेवरच होतं. मी गिळलं.

"तुला दिसावं म्हणून रे," मी म्हणालो. "मी अजून आहे, एवढं तुला कुठंतरी दिसावं म्हणून. आणि त्या दिवशी जे बोललो ना मी, चर्चमध्ये, ते बोलायला नको होतं. तू बर्फातून आला होतास."

तेवढ्यात त्याच्या मागून एक लहान आवाज आला, मुलीचा. "डॅडी, कोण आहे?"

त्यानं फोनवर हात ठेवला असावा, तरी मला ऐकू आलं. "माझ्याच नावाचा एक माणूस आहे," तो तिला म्हणाला.

"खोटं!" ती म्हणाली. "तुझं नाव अजून कुणाचं कसं असेल?"

हे तुझे आजोबा, असं तो तिला म्हणाला नाही, आणि फोनही ठेवला नाही. मी गाडीत तसाच बसून राहिलो, दोघांपैकी आधी कोण बोलतो त्याची वाट बघत.