तुरीची ओळ

“आत्याबाई, ठेवा तो झाडू खाली! कोतवाल येऊन राह्यला.”

पुष्पाने सासूच्या हातातला झाडू हिसकूनच घेतला, तिला ओसरीवर बसवलं आणि अंगावर घोंगडी टाकली. बाहेर ऊन रणरणत होतं.

“अवं, मले का हिव आलं?” झुंबरबाई म्हणाली.

“कण्हा जरासं.”

आता कण्हायचं कसं, हे झुंबरबाईला कुठे ठाऊक? चार बाळंतपणांत ती कण्हली नव्हती. ती आपली खोकली. दारात आलेला दयाराम कोतवाल भला माणूस. त्याला सगळं कळलं आणि हसू आलं.

“साहेब येनार हाय तपासाले, मावशी. त्या दिशी बी अशीच बसजो,” एवढंच सांगून तो गेला.

बहात्तरचा दुष्काळ होता. जानेफळच्या रस्त्यावर सरकारी काम निघालं होतं; झुंबरबाईचा मुलगा निवृत्ती आणि सून पुष्पा तिथे खडी फोडत. पहिल्या दिवशी झुंबरबाईही टोपलं घेऊन गेली होती. मुकादमाने तिचे पांढरे केस पाहिले आणि तिला परत पाठवलं. ज्यांच्याने काम होत नाही, त्यांना सरकार घरबसल्या रोख मदत देत होतं. तलाठ्याने तिचं नाव घातलं. ‘काम करण्यास असमर्थ वृद्धा’ असं त्याने वाचून दाखवलं, तेव्हा झुंबरबाईने चावडीत इकडेतिकडे पाहिलं.

“हे कोन म्हातारी?” तिने विचारलं. सगळे हसले.

पैसा वाईट नव्हता, हे आधी कबूल केलं पाहिजे. जन्मभर राबून तिच्या तळहातावर कधी पैसा टिकला नव्हता. मजुरी आधी नवऱ्याकडे जायची, मग मुलाकडे. आता अंगठा तिचा आणि नोटाही तिच्या. तिने गूळ आणला, चहा आणला, सुनेला बांगड्या भरल्या. रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीची का होईना, भाकरी दोन्ही वेळा होऊ लागली. वर्षानुवर्षं तोंड फिरवून बोलणारी पुष्पा पहिली भाकरी सासूच्या ताटात वाढू लागली. म्हातारीला त्याचं किती कौतुक!

पण शेजारच्या जनकाबाईच्या सासूला मदत मिळाली नव्हती, आणि जनकाबाईचे डोळे कुडावरून सतत इकडेच.

“काऊन वं झुंबर, काल तं पानी शेंदत होती? सरकारले आंधळं समजतं का तू?”

झालं. त्या दिवसापासून विहीर बंद. मग दळण बंद, शेणपाणी बंद. दारातून कोणी पाहील म्हणून डाळ निवडणंही बंद. दिवसभर तिचे हात शिवशिवायचे. ती पदराची टोकं वळत बसायची आणि सांज व्हायची वाट बघायची.

“पेरनीपर्यंतच ना हे?” ती मुलाला विचारी.

“हाव माय. सरत्यावर तुले सोडून कोनाले नेईन मी?”

सरता म्हणजे तिफणीमागे दोरीने बांधलेली नळी. तिच्यात मुठीतून दाणे सोडत, तिफणीच्या चालीने चालायचं. लग्न होऊन आली तेव्हापासून या घरची तूर झुंबरबाईच्या हातची. तिची मूठ अशी की दाणा जिथे पडायला हवा तिथेच पडे. रोपं उगवली की रस्त्याने जाणारे गाडीवान बैल थांबवून म्हणत, ही झुंबरीची ओळ. मोठेपणा म्हणून तिच्याकडे तेवढाच होता. घरात उपास पडले तेव्हाही तिने तुरीच्या बियाण्याच्या गाठोड्याला कोणाला हात लावू दिला नव्हता.

साहेब आले. घोंगडीतल्या म्हातारीला त्यांनी मायेनेच विचारलं, “आजी, हात वर होतो का?”

तिने निवृत्तीकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली. तिने हात उचलला आणि खांद्याशीच थांबवला. साहेबांनी मान डोलावली. ते गेल्यावर कितीतरी वेळ ती त्या हाताकडे बघत राहिली. तिला त्या हाताची लाज वाटली.

पुढच्या मृगात पाऊस झाला आणि मदत बंद झाली. घरात सगळ्यांना चुटपुट लागली. झुंबरबाई मात्र आनंदात. वाफसा होताच तिने बियाणं ओटीत घेतलं आणि लुगडं खोचून सगळ्यांच्या पुढे शेतात गेली. निवृत्तीने तिफण धरली. बैल हाडकले होते, हळूच चालत होते. तरी तिला त्यांची चाल गाठवेना. गुडघे वाकेनात. मुठीतून दाणे सुटेनात, आणि सुटले की ओंजळभर एका जागी पडत.

“माय, थांबू का?”

“हाक तू!” ती ओरडली.

अर्ध्या वावरात दोरी ताणली गेली आणि सरता हातातून निसटला. बांधावरची पुष्पा धावत आली. तिने ओटीतलं बियाणं घ्यायला पदर पसरला.

“द्या आत्याबाई. थकल्या तुमी.”

या वेळी पाहायला कोतवाल नव्हता, साहेब नव्हता. झुंबरबाईने ओटी रिकामी केली आणि बांधावर जाऊन बसली. पुष्पाच्या डोळ्यांत पाणी आलं. पण पेरणीची घात थांबत नाही. तिफण पुढे निघाली.

तूर उगवली. रस्त्यालगतची ओळ कुठे झुपक्याने आली होती, कुठे नुसती उघडी माती. झुंबरबाई मूठभर दाणे घेऊन सकाळीच शेतात गेली. वाकता येईना, म्हणून ती ओळीत बसली. बोटाने माती उकरी, दाणा दाबी.

रस्त्याने जनकाबाई चालली होती. ती थबकली.

“कोनं पेरलं वं हे?”

“हाय एक म्हातारी,” वर न बघता झुंबरबाई म्हणाली. “तिच्यानं काम नाही होत.”

डोक्यावरचं टोपलं सावरत जनकाबाई तशीच उभी राहिली. झुंबरबाईने दोन्ही हात जमिनीवर टेकले आणि बसल्या बसल्या सरकत ती पुढच्या रिकाम्या जागेपाशी गेली.