टुंड्रातला लाल ठिपका

"शुभदा, बाजूला हो. फ्रेममध्ये येतेयस."

शुभदा बाजूला झाली. खांद्यावर ट्रायपॉडची पिशवी, हातात चहाचा थर्मास. नेदरलँड्समधल्या फेल्डहोवन गावाबाहेरच्या माळावर लॉकडाऊनमधला हा त्यांचा तिसावा रविवार असावा. २०२० च्या जूनमध्ये नॉर्वेच्या टुंड्रात जायचं बुकिंग रद्द झालं, तेव्हापासून हेमचंद्र टुंड्राची तालीम इथेच करत होता. आठवडाभर घराच्या माडीवर बसून चिप बनवणाऱ्या यंत्रांतल्या बारीक चुका शोधायच्या आणि सुटीला क्षितिज सरळ करत बसायचं, असा माणूस. त्याच्या सतरा वर्षांच्या संग्रहात अकरा हजार फोटो होते. त्यांत मेंढ्या सत्तावीस, बायको शून्य.

"मेंढी चालते, मी नाही?"

"मेंढी निसर्गात येते गं."

"आणि मी?"

"तू... तू थर्मास धर."

पुढच्या ऑगस्टमध्ये, दोन्ही डोस घेऊन, दोघं खरंच टुंड्रात पोचले. तीन दिवस दलदल तुडवली, डासांना जेवू घातलं. फोटो मात्र एकही जमेना. झाड नाही, घर नाही, कुंपण नाही. हेमचंद्रने लेन्स बदलली, पोटावर झोपून दगड पुढे घेतला. तरी समोरचा अजस्र कडा स्क्रीनवर मातीच्या ढिगाएवढाच. शेवटच्या संध्याकाळी ढगांतून ऊन उतरलं.

"आपल्या मागच्या अंगणासारखं दिसतंय," शुभदा डोकावून म्हणाली.

"मापाला काही नाहीये ना इथे! एखादं माणूस असतं तर..."

शुभदाने सावकाश थर्मासचं झाकण लावलं. "बोल ना पुढे."

"त्या ओढ्यापलीकडे उभी राहशील? पाठ करून, कड्याकडे बघत?"

"जाईन. पाठ करणार नाही."

"अगं, एवढ्या लांबून चेहरा दिसणारच नाही!"

"न दिसेना का. मी हसणार आहे."

थर्मास त्याच्या हातात देऊन ती निघाली. लाल जाकीट लहान लहान होत गेलं.

"डावीकडे!" तो ओरडला.

"तुझ्या की माझ्या?" वाऱ्यावरून उत्तर आलं.

फोटो अप्रतिम आला. कडा एकदम कड्याएवढा झाला. त्याच्या फोटोग्राफी क्लबच्या ऑनलाइन सभेत वाहवा झाली, सगळ्यांनी लाल ठिपक्याचं कौतुक केलं.

दुसऱ्या दिवशी शुभदा चहा घेऊन माडीवर गेली, तर हेमचंद्र फोटो मोठा करत बसलेला.

"कसली चूक शोधतोयस?"

"चूक नाही गं. तू खरंच हसली होतीस का, ते बघतोय."

"दिसतंय?"

"नाही."

"शोध मग." कप ठेवून ती जिना उतरली.

हेमचंद्रने फोटो आणखी मोठा केला. कडा गेला, ओढा गेला, क्षितिजही गेलं. स्क्रीनभर नुसते लाल चौकोन उरले, वर गव्हाळ रंगाचा एक. फ्रेममध्ये दुसरं काहीच नव्हतं.